पिरूल जिथे साठतो, तिथेच डेक कुजतो आणि तिथेच पेटतो

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका काकांनी उत्तराखंडात, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरजवळ असलेल्या आपल्या घराच्या डेकचे सतरा फोटो पाठवले आणि खाली प्रश्न लिहिला. घर २००३ सालचं. हिमशिखरं दिसावीत म्हणून उत्तरेला वीस बाय बारा फुटांचा लाकडी डेक. चिडाच्या, म्हणजे डोंगरी पाइनच्या कड्या, वर देवदाराच्या फळ्या. एक बाजू घराच्या दगडी भिंतीला बोल्टने आवळलेली, दुसरी उतारावरच्या चार लाकडी खांबांवर. यंदा मार्चमध्ये काकूंचा पाय फळीतून आरपार गेला, घोट्याला टाके पडले. २०२४ च्या मे महिन्यात वणवा खालच्या शेतापर्यंत आला होता. ठेकेदार म्हणतो, सांगाडा चांगला आहे, वरच्या फळ्या तेवढ्या काढू आणि डब्ल्यूपीसीच्या, म्हणजे भुसा-प्लास्टिकच्या टाकू, चार दिवसांचं काम. काकांना विचारायचंय की एवढ्यावर भागेल का, आणि बर्फ व आग दोन्ही सोसेल असं नेमकं काय बांधावं.

काका, सांगाड्यासकट सगळं बदला. फळी तुटते तेव्हा ती खालच्या कडीची बातमी देत असते. फळीला निदान वरून ऊन-वारा मिळतो, कडीला तोही मिळत नाही. मी इंदूरमध्ये जुन्या वाड्यांच्या कडीपाटांची कामं करते आणि २००८ पासून वर्षातले दोन-तीन महिने कुमाऊँत असते. तिथे जेवढे जुने डेक उघडले, त्यांत फळ्या वाईट आणि कड्या ठणठणीत असं एकदाही निघालं नाही. उलट मात्र पुष्कळदा निघालं.

तुमचा नववा फोटो मी मोठा करून पाहिला. भिंतीला लागलेल्या पहिल्या फळीच्या आणि दगडाच्या फटीत नेचा उगवलाय, त्याच्या मुळाशी पिरूलचा, म्हणजे चिडाच्या गळलेल्या सुक्या सुयांचा तपकिरी गठ्ठा आहे, आणि खाली दगडावर काळा ओघळ उतरलाय. नेचा उगवतो म्हणजे तिथे पाणी मुक्कामाला आहे. त्या फटीच्या बरोबर मागे तुमच्या डेकचा निम्मा भार पेलणारी आडवी फळी आहे, आणि तिला धरणारे बोल्ट त्याच ओलीत गंजताहेत.

ठेकेदाराचा शब्द मोडायचा नसेल तर त्याच्यासमोरच पाच मिनिटांची परीक्षा घ्या. डेकखाली जा. भिंतीपासून वीतभर अंतरावर कडीच्या अंगात पेचकस आडवा खुपसा आणि उचकटा. चांगलं लाकूड सहजी आत घेत नाही, आणि उचकटलं तर लांब, काटेरी ढलपी निघते. कुजलेलं लाकूड बिनआवाजाचं तुटतं, आखूड, चौकोनी तुकड्यांत, जुन्या खारी बिस्किटासारखं. वरचा रंग शाबूत असतो, म्हणून नुसतं बघून कळत नाही. कडीची टोकं, बोल्टची भोकं आणि खांबाचा जमिनीलगतचा भाग, एवढ्या तीन जागा टोचल्यात तरी पुरे.

लाकूड म्हातारपणाने मरत नाही. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढतच नाही. आपल्याकडच्या वाड्यांतल्या सागवानी कड्या दीडशे वर्षं उभ्या आहेत त्या यामुळेच. कोरड्या भिंतीत, वळचणीच्या आत. त्याच कडीचं भिंतीत शिरलेलं टोक जिथे पन्हळ गळते तिथे मात्र तळहाताने भुगा काढता येतो. लाकूड आपल्या टोकाकडून, म्हणजे कापलेल्या तोंडातून, सर्वांत भराभर पाणी पितं. आणि डेकच्या बांधणीत ही सगळी तोंडं आपण नेमकी भिंतीपाशी, सर्वांत ओल्या जागी नेऊन ठेवतो.

याची किंमत किती असू शकते ते २०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये दिसलं. वाढदिवसाला जमलेली तेरा तरुण मुलं लाकडी बाल्कनीत उभी होती आणि ती बाल्कनी भिंतीतून मोडून खाली लटकली. सहा जण गेले. भिंतीतून बाहेर आलेल्या तुळया आत शिरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या, आणि इमारत दहा वर्षांचीसुद्धा नव्हती. तुमच्या डेकवर गणपतीला सगळे भाऊ-पुतणे जमतात असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी हे उत्तर लांबवते आहे.

आता बर्फाचं. लोकांना वजनाची भीती वाटते. हिशेब करून पाहू. दीड फूट भिजका, बसलेला बर्फ धरला तर त्याचं वजन घनमीटरला तीनशे किलोच्या आसपास. म्हणजे चौरस मीटरला साधारण एकशे चाळीस किलो, आणि तुमच्या सबंध डेकवर तीन टनांहून जास्त. ऐकायला भयंकर वाटतं. पण आपल्या भारतीय मानकाप्रमाणे घराची बाल्कनीच मुळात चौरस मीटरला तीन किलोन्यूटन, म्हणजे सुमारे तीनशे किलो, धरून आखायची असते. नीट आखलेला, धडधाकट सांगाडा मुक्तेश्वरचा बर्फ आरामात पेलतो. आणखी उंचावर, जिथे बर्फ पुरुषभर साचतो तिथे हिशेब वेगळा. तिथे अभियंत्याकडून बर्फाचा भार स्वतंत्र काढून घ्यावा.

खरा त्रास बर्फ बसून राहतो त्याचा आहे. शिखरं उत्तरेला, म्हणून डेक उत्तरेला, म्हणून सबंध हिवाळा तो घराच्याच सावलीत. दक्षिणेच्या अंगणातला बर्फ दोन दिवसांत जातो, तुमच्या डेकवरचा पंधरा दिवस राहतो. दिवसा थोडा वितळतो, पाणी फटींत आणि स्क्रूच्या भोकांत उतरतं, रात्री गोठतं. गोठताना पाणी नऊ टक्के फुगतं आणि भोक रुंदावतं, दुसऱ्या दिवशी त्यात आणखी पाणी मावतं. असं महिनाभर चालतं. मग पावसाळा, आणि त्या चार महिन्यांत तर फळी सुकतच नाही. वर तुमच्या पत्र्याच्या छताचा उतार नेमका डेककडे आहे. छतावरचा बर्फ एकदम घसरून येतो आणि तो आदळतो तीही भिंतीलगतची तीच पट्टी. छताच्या कडेला बर्फ अडवणाऱ्या लोखंडी पट्ट्या दोन ओळींत बसवून घ्या. हे काम डेकच्या आधी व्हायला हवं.

आगीकडे वळते.

१९८४ मध्ये आपला इंदूरचा राजवाडा जळाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. काही दिवसांनी बाबा मला तिथे घेऊन गेले. आतला भाग गेला होता. भिंती उभ्या होत्या आणि त्यांत ओळीने काळ्या चौकोनी खाचा दिसत होत्या, प्रत्येक खाच म्हणजे एकेका कडीची जागा. बाबा म्हणाले होते, बघ, दगड राहिला आणि लाकूड जिथे दगडात शिरत होतं ते भोक राहिलं. मी पुढे याच कामात आले, आणि कुठलीही जुनी इमारत पाहताना नजर आधी त्या खाचांकडे जाते.

वणव्यात घर पेटतं ते ज्वाळांची भिंत येऊन आदळल्यामुळे, अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा तसं होत नाही. आग अजून डोंगराच्या धारेपलीकडे असते आणि वाऱ्यावर निखारे येतात. सालीचे तुकडे, जळकी पानं, चिडाच्या फळांचे खवले. ते पडतात आणि बहुतेक विझतात. जो निखारा सुक्या पिरूलच्या गठ्ठ्यावर पडतो तो विझत नाही. ३० डिसेंबर २०२१ ला कोलोरॅडोच्या बोल्डर काउंटीत ऐन हिवाळ्यात गवताची आग वादळी वाऱ्याने वस्त्यांत शिरली आणि एका दिवसात हजारावर घरं गेली. दुसऱ्याच दिवशी त्या राखेवर बर्फ पडला. तेव्हा आगीचा हंगाम आणि बर्फाचा हंगाम वेगळे, असं धरून बांधू नये. उत्तराखंडात वनखात्याचा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत, म्हणजे शेवटचा बर्फ आणि पहिला वणवा यांत फारसं अंतर नसतं. २०२४ च्या एप्रिलअखेर नैनितालजवळच्या आगीसाठी हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालचं पाणी उचलून नेत होतं, ते तुम्ही वर असताना पाहिलंच असेल.

कुमाऊँची आग आणखी दोन गोष्टींनी वेगळी. ती उताराने वर धावते, म्हणून उतारावर खांब टेकून पुढे आलेल्या डेकच्या पोटाला खालून धग लागते. आणि चिडाचं पेटलेलं फळ गडगडत खाली जातं, त्यामुळे आग वरच्या धारेवर असली तरी खालचं रान पेटतं आणि तिथून ती पुन्हा तुमच्याकडे चढते.

आता तुमच्या नवव्या फोटोतल्या त्या फटीकडे परत या. वारा पिरूल जिथे नेऊन टाकतो ती हीच जागा. छतावरचा बर्फ पडतो आणि सावलीत राहतो ती हीच. निखारा भिंतीवर आपटून खाली पडतो तोही याच कोपऱ्यात. म्हणून डेक बदलताना मी फळी कोणती हा प्रश्न शेवटी घेते. आधी घर आणि डेक यांचा हा सांधाच काढून टाकते.

तुमच्या जागेवर ते चांगलं जमेल. भिंतीपाशी जमीन डेकखाली जेमतेम दोन फूट आहे, बाहेरच्या कडेला नऊ फूट. तर घराला लागून पाच फूट रुंदीचा दगडी ओटा बांधा. पुढच्या बाजूला दगडी धारण-भिंत, तिच्यात पाणी जायला भोकं, वर पटाल, म्हणजे तिथल्या पाटीच्या दगडाच्या लाद्या. कुमाऊँच्या जुन्या घरांची अंगणं पटालचीच आहेत, गावातले मिस्त्री डोळे मिटून बसवतात. बर्फ, पाणी, निखारा, तिघांनाही पटाल सारखीच थंडपणे झेलते. ओट्याला भिंतीपासून बाहेर मीटरला दोन सेंटीमीटरचा ढाळ हवा, आणि वरची पातळी उंबऱ्यापेक्षा वीतभर खाली, नाहीतर वितळलेलं पाणी दारातून आत येईल. ओट्याच्या पुढे सात फुटांचा डेक, स्वतःच्या पायांवर उभा, घराला कुठेही न टेकणारा, ओट्यापासूनही दोन बोटं सुटा. बसायची जागा तेवढीच राहते. फक्त आतली पाच फूट दगडाची आणि बाहेरची सात फूट लाकडाची.

सांगाडा पोलादाचा करा, गरम जस्तात बुडवलेला. नुसता रंगवलेला नको, तिथल्या ओलीत तो तीन-चार वर्षांत फुगे धरतो. कड्या, तुळया, खांब सगळं खाली मैदानातल्या कार्यशाळेत मापाने कापून, भोकं पाडून, मग जस्तात बुडवून घ्यायचं आणि वर फक्त नट-बोल्टने जोडायचं. एकदा जस्त चढल्यावर वेल्डिंग केलं की तो थर तिथे जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. तुमच्या घरापर्यंत रस्ता नाही, शेवटचा पाऊण किलोमीटर सामान खेचरावर न्यावं लागतं, म्हणून कुठलाही तुकडा आठ-नऊ फुटांहून लांब ठेवू नका. खांबांचे पाये भरावावर घेऊ नका. घर बांधताना उकरलेली माती उतारावर लोटलेली असते, ती वीस वर्षांनीही बसत राहते. तुमचा डावा खांब तिरका दिसतोय तो त्यामुळेच असावा. मूळची घट्ट जमीन किंवा खडक लागेपर्यंत खणा, आणि पाया जमिनीच्या वर वीतभर आणून त्यावर खांबाची प्लेट बसवा. भूकंपाचा मुलूख आहे, तेव्हा खांबांमध्ये दोन्ही दिशांना तिरपे आधार घ्याच. ठेकेदार म्हणेल की याची गरज नाही. या एका मुद्द्यावर अजिबात ऐकू नका.

आता फळी. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. कुजत नाही हे खरं. पण त्यात पॉलिथिन असेल तर एकदा पेटल्यावर ते वितळून जळते थेंब खाली गाळतं. पीव्हीसीवालं लवकर पेटत नाही, पण धगीने मऊ पडून वाकतं. आपल्या बाजारात मिळणारा पुष्कळ माल आतून पोकळ असतो. त्या पोकळीत पाणी शिरून गोठतं आणि फळी उभी चिरते. शिवाय थंडी-उन्हात ती लांबीत बरीच कमी-जास्त होते, टोकांना जागा सोडली नाही तर उन्हाळ्यात कमान धरते. घ्यायचंच असेल तर भरीव घ्या, आगीच्या चाचणीचा कागद मागा, आणि कड्या फूट-सव्वा फुटावर ठेवा. कागद मागितल्यावर दुकानदार रंगांचं पुस्तक पुढे करू लागला तर तिथून उठा.

माझा कौल देवदाराला आहे, फक्त गाभ्याच्या लाकडाला. गाभ्यात ते तेल असतं ज्याने नवं कपाट महिनोन् महिने दरवळतं, आणि त्याच तेलामुळे ते टिकतं. सालीजवळचा पांढुरका भाग मात्र चिडाइतकाच कच्चा. एक फळी अर्धी पांढरी असेल तर बाजूला काढा, हळहळू नका. वन विकास निगमाच्या डेपोतलं, पावतीचं लाकूड घ्या. रात्री उतरवलेलं स्वस्त देवदार दारात घेऊ नका. त्या डोंगरात हजार मीटरच्या वर हिरवं झाड तोडायला १९८१ पासून बंदी आहे आणि ती बंदी लोकांनी झाडांना मिठ्या मारून मिळवली आहे. फळी दीड इंच जाडीची घ्या. जाड लाकूड उशिरा पेटतं. दोन फळ्यांमध्ये सहा मिलिमीटर फट ठेवा, म्हणजे पाणी अडकणार नाही आणि पिरूल झाडणीने खाली ढकलता येईल. प्रत्येक फळीचं कापलेलं तोंड बसवण्याआधी तेलात बुडवा. हे पाच मिनिटांचं काम कुणीच करत नाही आणि फळी तिथूनच जाते. स्क्रू स्टेनलेसचे. आगरोधक रंगावर भरवसा ठेवू नका, उघड्या फळीवर ऊन-पावसाने तो उतरतो आणि आपण मात्र निर्धास्त राहतो.

तेल लावल्यावरच्या चिंध्यांबद्दल एक सांगायलाच हवं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप तापून पेटतात, काडी लागत नाही. एकेक पसरून दगडावर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

कठडा पोलादाचा, सव्वातीन-साडेतीन फूट उंच, उभ्या सळ्यांत चार इंचांहून जास्त अंतर नको. त्याचे खांब फळीवर स्क्रूने उभे करू नका, बाजूने तुळईला आरपार बोल्ट करा. तुमच्याकडे लंगूरांची टोळी येते. वीस किलोचं जनावर छतावरून कठड्यावर उडी घेतं तेव्हा वरवर लावलेला खांब एका हिवाळ्यात डुगडुगतो, आणि मग त्याला टेकून माणूस उभा राहतो.

काम कधी करायचं? पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. लाकूड बरंच सुकलेलं मिळतं, बर्फाला वेळ असतो. एप्रिल-मेमध्ये सुट्टी आहे म्हणून काम काढू नका. कटरच्या ठिणग्या उडतात आणि खाली सुकं पिरूल असतं. एका घराच्या फाटकाचं वेल्डिंग चालू असताना उताराला लागलेली आग मी पाहिली आहे. सहा माणसं ओल्या फांद्या घेऊन तासभर झोडपत होती, आणि त्यात त्या घराचा मालकही होता.

डेकखालची जागा रिकामी ठेवा. तुमच्या अकराव्या फोटोत तिथे बुखारीची, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीची लाकडं, जुनी गादी आणि दोन गॅस सिलिंडर आहेत. हे आजच हलवायला चौकीदाराला फोन करा, डेक होईपर्यंत थांबू नका. लाकडं घरापासून तीस फुटांवर. डेकखाली आणि त्याच्या पुढे पाच फूट नुसती खडी. उताराच्या बाजूने तीस फूट झुडपं साफ, आणि तिथल्या चिडांच्या खालच्या फांद्या आठ-दहा फुटांपर्यंत छाटलेल्या. तीस फुटांत सगळी झाडं तोडा असं मी म्हणत नाही. बांजाची, म्हणजे डोंगरी ओकची झाडं तर राहूच द्या, त्यांच्याखालची जमीन ओलसर असते.

तुमचं घर वर्षातले आठ महिने बंद असतं, म्हणून एक रीत लावून घ्या. इंदूरला निघताना काथ्याचं पायपुसणं, वेताच्या खुर्च्या, उशा आत. निखाऱ्याला सर्वांत आवडणाऱ्या वस्तू या आहेत. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत दर आठवड्याला चौकीदाराने छत, पन्हळ आणि ओट्याचा कोपरा झाडायचा आणि त्या कोपऱ्याचा फोटो पाठवायचा. सबंध डेकचा नको, कोपऱ्याचाच. बर्फ पडला तर प्लॅस्टिकच्या फावड्याने फळ्यांच्या लांबीत ओढायचा, मीठ टाकायचं नाही, निसरडं झालं तर जाडी वाळू.

पैसे कमी पडत असतील तर डेक सातऐवजी पाच फुटांचा करा, लांबी कमी करा, फळ्या पुढच्या वर्षी टाका. जस्त, पाये आणि ओटा यांत मात्र काटछाट करू नका, कारण ते नंतर बदलता येत नाहीत.

आणि जुनं लाकूड निघेल ते बुखारीत घालू नका. २००३ मध्ये चिडाच्या कड्या टिकाव्यात म्हणून बहुधा हिरवट रसायन पाजलेल्या असायच्या, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं. जाळलं की ते धुरात आणि राखेत येतं, आणि तिथली राख शेतात टाकायची पद्धत आहे. खिळे काढून, थर रचून, वर पत्रा टाकून ते घरापासून दूर ठेवा आणि गाडी खाली जाईल तेव्हा हल्द्वानीला पाठवा. भिंतीतले जुने बोल्ट मुळासकट काढायला सांगा आणि ती भोकं चुन्या-सिमेंटने बुजवण्याआधी प्रत्येकाचा आत टॉर्च मारून एकेक फोटो मला पाठवा. पाणी भिंतीच्या आत किती गेलंय ते त्यावरून कळेल, आणि मगच ओट्याची पातळी ठरवू.